वाकलेला वीर

"नीट बस की रे मेल्या! पाठ आहे ही, झोपाळा नाही."

"आज तरी मेल्या म्हणू नकोस, आक्का. अजून वेळ आहे." राणू माझ्या कानाशी म्हणाला. "आणि हिंदकळतेस तूच. पोटात ढवळतंय माझ्या."

"ढवळेल नाही तर काय! सकाळी सकाळी चार भाकऱ्या हाणल्यास."

"मरायला निघालेल्या माणसाच्या भाकऱ्या मोजू नयेत," तो म्हणाला आणि हसला. तो हसला की ते मला आधी बरगड्यांत कळायचं, मग कानात. तेरा वर्षं पाठीवर वाहिला होता मी त्याला.

आम्ही जळक्या डोंगराची शेरडांची वाट चढत होतो. खाली शिवेच्या दगडापाशी अख्खं राखपाडं उभं होतं. ढोल होते, हळद होती, आणि बायकांच्या हातांत झेंडूचे हार. ते हार राणूसाठीच होते, तो दगड झाल्यावर घालायचे. आमच्या गावाची रीतच तशी, आधी हार गुंफायचे आणि मग वीर पाठवायचा. सिदू भगतांनी, म्हणजे पावलाईच्या पुजाऱ्यांनी, त्याच्या कपाळाला राख लावली आणि डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता तो, उगाच कशाला खोटं बोलू!

जळका डोंगर दर दोन-तीन वर्षांनी आग ओकायचा. लाल, घट्ट, चिखलासारखी आग खिंडीतून हळूहळू गावाकडं सरकायची. पाणी टाका, माती टाका, ऐकायची नाही. ती ऐकायची फक्त एका पोराच्या तळव्यांचं. दर पिढीला आमच्यात एक पोर काळे तळवे घेऊन जन्मायचं, पावलाईनं दिलेले. त्यानं पाय ठेवला की तिथली आग विझून दगड व्हायची. पण देवी काही फुकट देत नाही. पोर नऊ वर्षांचं झालं की भगतांच्या अंगात यायचं आणि ते आकडा सांगायचे, पोराची पावलं किती ते. राणूची निघाली तीन हजार. शेवटचं पाऊल पडलं की पोर उभ्या जागी दगड होणार. असे सात जण खिंडीत उभे होते, छाती काढून, मान ताठ. नव्या नवऱ्या त्यांच्या पाया पडायला यायच्या.

म्हणून राणूचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. घरात तो गुडघ्यांवर रांगायचा, ते देवी मोजत नसे. एवढा थोरला बाप्या, मिशी फुटलेला, आणि चुलीपाशी रांगत येऊन म्हणायचा, "आक्का, वाढ." बाहेर जायचं तर माझी पाठ. मी त्याची पाठभोईण. नाव चिमा, देह म्हशीचा. नवरा गेल्यावर मी घाटावर मिठाची पोती वाहायचे. राणूची आई त्याच्या जन्मातच गेली होती, बाप त्यामागोमाग. भगत एक दिवस दारात आले आणि म्हणाले, "चिमे, मीठ उचलतेस, आता देवाचं पोर उचल." मला वाटलं, ओझं ते ओझं. ठिकाणावर पोचवलं की उतरवलं.

तसं होत नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. जत्रेला चाललो होतो. पोरगं अकरा वर्षांचं. मधेच म्हणालं, "आक्का, मला एकदा तुझ्या शेजारून चालायचंय."

"का रे? पाठ टोचते का?"

"चालताना तुझं तोंड कसं दिसतं तेच मला ठाऊक नाही. रोज नुसता आंबाडा बघतोय."

"आंबाडाच बघ. तोंडात बघण्यासारखं काही नाही."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी आमच्या दारापासून जत्रेच्या चिंचेपर्यंत चालत गेले. दोनशे बारा पावलं. आणि त्या दिवसापासून मी चोरी करायला लागले.

चोरी अशी. देवळात गुंजांची एक पिशवी असायची, राणूच्या उरलेल्या पावलांची. आग आली की भगत ती माझ्या कमरेला बांधायचे. आग पेटलेली असताना शिवेपलीकडं वीर आणि पाठभोईण, तिसरं कुणी जायचं नाही, पावलाईची मर्यादा आहे ती. वर राणू एक पाऊल टाकी, मी एक गुंज आगीत टाकी. परत येताना मी गुपचूप आणखी पन्नासेक गुंजा काढून कनवटीला लावायचे. भगतांना वाटायचं, तेवढी पावलं खर्ची पडली. घरी येऊन त्या गुंजा मी नाचणीच्या मडक्यात दडवायचे. चार आगी झाल्या. मडक्यात बरोबर दोनशे बारा.

आणि त्या दिवशी पिशवीत होत्या दोनशे नव्वद. खिंडीच्या तोंडाला आडवी रेघ मारायला तेवढीच पावलं लागणार होती, भगतांनी दोरीनं मापून ठेवलं होतं. "देवीची मोजणी चुकत नाही," ते म्हणाले. गावानं मान डोलावली. रेघ पुरी झाली की राणू आठवा उभा वीर होणार.

होणार नव्हता, हे एकट्या मला माहीत होतं. राणूलाही मी सांगितलं नव्हतं, कारण त्याला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. चार दिवस मी गावासमोर छाती बडवून रडत होते आणि मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रेघ होऊ दे, मग याला पाठीवर घालून खाली नेते आणि म्हणते, देवीनंच वाढवून दिलीत पावलं. कोण काय करणार होतं माझं? धाकधूक एवढीच, की तेरा वर्षांत एखादं पाऊल माझ्या मोजण्यातून निसटलं असलं तर?

खिंडीच्या तोंडाशी मी त्याला खडकावर उतरवलं. समोरून आग येत होती, सावकाश, कुठं जायची घाई नसल्यासारखी. सात वीर पाठमोरे उभे होते.

"आक्का," राणू म्हणाला, "वहाणा बदल या वर्षी. टाच पार झिजलीय."

"मरताना माझ्या वहाणांचं कसलं आलंय तुला!"

"सांगून ठेवतो. कुणीतरी सांगायला पाहिजे ना."

मी रीतीप्रमाणं म्हटलं, "चाल." माझा आवाज खरंच फुटला, नाटक नव्हतं ते.

तो उतरला. पहिलं पाऊल पडलं आणि आग फुसकन काळी पडली. मी गुंज फेकली. दुसरं, तिसरं. चालायचा फार सुंदर. वर्षानुवर्षं चालायला न मिळालेला माणूस जसा चालेल तसा, टाच, मग तळवा, मग बोटं. खिंडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडाची रेघ उमटत गेली आणि आग तिच्यामागं तुंबून राहिली. माझी पिशवी रिकामी होत चालली. दहा. पाच. एक.

शेवटची गुंज टाकली. राणू थांबला, त्यानं छाती काढली, डोळे मिटले. काहीच झालं नाही.

मग त्यानं एक डोळा उघडला. "झालं का गं?"

"काय झालं?"

"मी जिवंत दिसतोय, आक्का. केवढं नवल!" त्याचे कान लालभडक झाले होते.

"राण्या! तुला ठाऊक होतं?"

"दोनशे बारा ना?" तो हसायला लागला. "पाय कुणाचे आहेत? तू मोजतेस, मग मी मोजत नसेन? आणि गुंजा नाचणीत कशाला लपवायच्या? मागच्या वर्षी भाकरीत एक आली दाताखाली. दात पडता पडता राहिला."

"मग चार दिवस गळा काढून रडत का होतास?"

"तू रडत होतीस म्हणून. म्हटलं, एवढं करतेय बिचारी, साथ द्यावी."

"थांब, बघतेच तुला!" मी म्हणाले आणि हसत, रडत खडकावरून खाली उडी मारली. त्याला पाठीवर घ्यायला नव्हे, आधी दोन धपाटे घालायला. झिजलेली टाच घसरली. पाय दोन दगडांच्या फटीत गेला, मी अंगाच्या भारानं उलटी पडले, आणि नडगी मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला.

तो दोन पावलांत माझ्यापाशी होता. "टाकू नकोस पावलं!" मी ओरडले. पाय मोडला त्यापेक्षा ती दोन पावलं जास्त लागली मला.

"गप. बघू दे."

बघायला वेळच नव्हता. तुंबलेल्या आगीनं दुसरी वाट शोधली होती. आमच्या शेजारीच कडा चरचरला आणि त्यातून आगीची एक बारीक ओघळ बाहेर आली, शेरडांच्या वाटेवर. वाट जागोजागी भेगाळून धुमसायला लागली, गुडघ्यांवर रांगायची सोय उरली नाही. ओघळ एवढीशी होती, शिवेपर्यंत जाऊन विझली असती, गावाला तिचं भय नव्हतं. भय आम्हाला होतं.

"राणू, तू जा," मी म्हणाले. "मी इथं वर बसते खडकावर."

"भाजून निघशील."

"मिठाची बाई आहे मी, नासत नाही. जा तू. तुझी दोनशे दहा आहेत, शीव गाठशील."

"आणि जत्रेला कुणाबरोबर जाऊ?"

त्यानं पाठ फिरवली आणि उकिडवा बसला, मी त्याच्यापुढं रोज बसायचे तस्सा. मी शिव्या घातल्या. शपथा घातल्या. तो उठेना. मागून आगीची धग पाठीला लागायला लागली, आणि मला कळलं, मी चढले नाही तर हे पोर माझ्याशेजारी बसून राहील. चढले.

"अगं आई गं," तो कण्हला. "मिठाचं पोतं बरं."

"टाक मग खाली!"

"नीट बस, आक्का. पाठ आहे ही, झोपाळा नाही."

तो चालायला लागला. भेगांतून धूर येत होता, त्याचा पाय पडला की चर्र करून सगळं गार व्हायचं, आणि माझ्या भारानं त्याचं पाऊल घोट्यापर्यंत रुतायचं. पाऊल उपसायचं, पुढचं टाकायचं.

"लांब ढांगा टाक," मी म्हणाले. "माझी अडीचशे होतात इथून शिवेपर्यंत."

"आज मोजायचं नाही. आज गप्पा मारायच्या. आपण जत्रेला चाललोय."

"बरं बाबा, नाही मोजत."

"मोजतेयस. तुझी बोटं हलतायत माझ्या खांद्यावर."

मी बोटं मिटून घेतली. तोंडानं गप्पा मारल्या आणि मनात मोजत राहिले. तेरा वर्षांची सवय, ती काय सुटणार? चाळीस. एक्केचाळीस.

"तुझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत रे," मी म्हणाले. "लहानपणी न्हाऊ घालताना बघायचे, मग विसरलेच. दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणे."

"एक तरी कर की माझं. कुंभारांची पोरगी बघते माझ्याकडं."

"ती तुझ्याकडं नाही बघत, माझ्याकडं बघते. म्हणते, एवढी थोरली बाई चालते कशी!"

तो हसला. या खेपेला ते हसणं मला पोटात कळलं, कारण मी वर होते. नव्वद. एक्क्याण्णव.

"जत्रेत काय घ्यायचं?" त्यानं विचारलं.

"तुला गूळपापडी. मला वहाणा."

"टाच जाड बघून घे."

"घेईन रे बाबा, घेईन."

दीडशेनंतर तो फार बोलेनासा झाला. धापा टाकत होता. मीच बोलत होते, काय वाट्टेल ते, चिंचेखाली पाळणा असतो, रेवड्यावाला दरवर्षी फसवतो, असलं काहीबाही. आसवं त्याच्या मानेवर पडत होती. तो म्हणाला, "घाम किती येतो गं तुला."

दोनशे. शीव समोर दिसायला लागली. ढोलवाले, हार घेतलेल्या बायका, भगत. दोनशे नऊला तो थांबला. पुढं वाटेवर आडवी एक भेग पडली होती, निखाऱ्यांनी भरलेली, आणि तिच्या पलीकडच्या काठावर शिवेचा दगड. दोन माणसांनी वहाणा घालून एक पाय अलीकडं टाकला असता, तर दोघांनाही ओढून घेता आलं असतं. पाय भाजला असता, मेलं कुणी नसतं.

"भगत!" मी ओरडले. "हात द्या! एकच पाऊल अलीकडं या! याचं एक उरलंय, दगड होईल हो पोर!"

गाव नुसतं बघत राहिलं.

"मर्यादा आहे, चिमे," भगत म्हणाले. त्यांच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. "शिवेपलीकडं पाऊल टाकायचं नाही."

"अहो, तुमची दहा हजार पावलं पडतील अजून! एक द्या याला!"

त्यांनी पाऊल उचललं. मी पाहिलं. हवेत धरलं, थरथरलं, आणि परत जागच्या जागी ठेवलं.

मागून ओघळ जवळ येत होती. मी राणूच्या पाठीवरून स्वतःला खाली टाकायला निघाले, निखाऱ्यात तर निखाऱ्यात. त्यानं माझी मनगटं घट्ट धरली.

"आक्का, ऐक ना."

"नाही ऐकत! सोड!"

"मला लई मजा आली," तो म्हणाला. "जत्रा लांब असती तर बरं झालं असतं."

आणि त्यानं ते पाऊल टाकलं.

निखारे विझले. त्याचा पाय थेट शिवेच्या दगडाला लागला. बाकीच्या सातांसारखं त्यानं छाती काढून उभं राहायला हवं होतं. पण उभा राहिला असता तर मी पाठीवरून मागं आगीत पडले असते. म्हणून तो वाकला. पार कमरेत वाकला आणि मला डोक्यावरून पुढं शिवेत घसरवलं, मी पोत्यासारखी उताणी पडले. त्याचं तोंड बरोबर माझ्या तोंडावर होतं. पाय दगड झाले होते, कंबर झाली होती, गळ्याशी आलं होतं.

तो माझ्याकडं बघत राहिला. सावकाश, सगळं बघून घेतल्यासारखं.

"आंबाडा सुटला गं तुझा," तो म्हणाला.

मग ओठ थांबले.

एकतीस वर्षं झाली याला. डोंगर तेव्हापासून थंड आहे, काळ्या तळव्याचं पोर गावात जन्मलं नाही. आता लांबलांबून लोक येतात. नवा भगत त्यांना सांगतो, सात वीर ताठ उभे राहिले, पण आठवा देवीपुढं नम्र होऊन वाकला. आणि ही पावलं बघा, घोटाभर खोल! साक्षात पावलाई त्याच्या पाठीवर बसून आली होती. लोक पावलांत हळद वाहतात. मी शेजारी बसून भाजलेले दाणे खाते. देवी म्हणे! तीन मणांची चिमा होती ती, नडगी मोडलेली आणि अखंड बडबडणारी. एकदा मी सांगून पाहिलं, तर एक बाई म्हणाली, आजी, देवाधर्माच्या गोष्टीत थट्टा करू नये.

सिदू भगतांनी त्यानंतर अंगात येऊ दिलं नाही कधी. मरायच्या आदल्या वर्षी काठी टेकत माझ्या दारात आले. म्हणाले, "चिमे, मी पाऊल उचललं होतं गं." मी म्हटलं, "पाहिलं होतं मी." मी त्यांना ताक दिलं.

नाचणीच्या मडक्यातल्या गुंजा मी एकेक करून पावलांत नेऊन ठेवल्या. एक उरली. शेवटच्या पावलात त्याचाच पाय आहे, ठेवायला जागा नाही. ती माझ्या कनवटीला असते.

रोज सकाळी मी नव्या वहाणा घालते, टाच जाड बघून घेतलेल्या, आणि त्याच्या पावलांच्या शेजारून वर जाते. पाय जरा ओढतो, पण जमतं. वर खिंडीपर्यंत गेले की वळते आणि त्याच्याबरोबर खाली येते. शिवेपाशी पोचले की त्याच्या तोंडाखाली बसते, म्हणजे त्याला मी दिसते. जाताना पावलं मोजते. येताना मोजत नाही, येताना आमच्या गप्पा चालतात.